ईथरचं विरजण

आमच्या घरात माणसं सोडून सगळ्यांना टिकली लावलेली आहे. दुधाच्या पातेल्याला आहे, लोणच्याच्या बरणीला आहे, सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाला आहे, फिनेलच्या डब्यालासुद्धा आहे. मी स्वतः कपाळाला लावायची कधीच सोडली. दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच गोल ठिपके बघायचे आणि घरी येऊन आरशातही तेच बघायचे म्हणजे फार झालं. नवरा म्हणतो, तू माझ्या धंद्याची नाचक्की करतेस. धंदाच तो आहे त्याचा. पराग गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याची टिकली तुमच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या झाकणाखाली असणार.

त्या दिवशी दिल्लीहून समिती यायची होती. देशभरातली औषधांची कोठारं आणि प्रयोगशाळा, सगळीकडे टिकली सक्तीची करायची की नाही हे ती ठरवणार होती. पराग पहाटेपासून येरझारा घालत होता. चहा गार झाला, दुसरा दिला, तोही गार झाला. मोजे त्याने दोनदा बदलले. मे महिन्यात अकोल्यात मोजे घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मीही काही शांत नव्हते. कूलरसमोर बसले तरी घाम, उठले तरी घाम.

टिकली काय करते ते आधी सांगते. रसायनाच्या बाटलीवर पूर्वी तारीख छापलेली असायची, अमुक महिन्यापर्यंत वापरा म्हणून. ती तारीख लिहिणारा कारखान्यातला माणूस असं धरून चालतो की बाटली बंद आहे, थंड आहे, अंधारात आहे. मग ती बाटली आमच्या गावी येते. कोणी तिचं झाकण अर्धवट लावतं, कोणी उन्हाच्या खिडकीत ठेवतं, कोणी आम्लाच्या शेजारी अल्कली मांडून ठेवतं, का तर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने फळी छान दिसते. त्यामुळे ती छापील तारीख लग्नाच्या स्थळाच्या माहितीपत्रकातल्या उंचीइतपतच खरी.

परागची टिकली झाकणाच्या आत बसते, बाहेरून फक्त ठिपका दिसतो. कुठलंही रसायन बिघडायला लागलं की त्याच्या वाफेत नवे रेणू येतात. आपल्या नाकाला ते कळणार नाहीत इतके थोडे असतात, टिकलीला कळतात. बाटलीवर बसली की टिकली पहिल्यांदा तिचा वास पाठ करते. पुढे रोजचा वास त्या पहिल्या वासाशी ताडून बघते. फरक थोडा असेल तर ठिपका हिरवा, वाढला की पिवळा, फार वाढला की लाल. बाटली कितीदा उघडली, किती तापली, हेही ती लक्षात ठेवते आणि बिनतारी जाळ्यावरून परागच्या सर्व्हरला कळवते. छापील तारीख आली म्हणून चांगली रसायनं गटारात ओतणं त्यामुळे थांबलं, आणि तारीख उरलीय म्हणून बिघडलेली वापरणंही थांबलं. आपल्या राज्याने दोन वर्षांपूर्वी कॉलेजांपुरत्या छापील तारखा रद्दच केल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

फक्त एक गोष्ट मला टोचायची. आम्ही शिकलो तेव्हा बाटली आली की तिच्यावर पेनाने लिहायचो, कधी आणली आणि कधी उघडली. हातात घेतली की आधी बघायचो: रंग बदललाय का, तळाला काही बसलंय का, झाकणाच्या आट्यांत खडे धरलेत का. आता माझे विद्यार्थी बाटलीकडे बघतच नाहीत. ठिपका बघतात.

तर त्या सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "प्रणिता, अवं हे दही पाय बरं. तार सुटली त्याले."

मी गेले. दह्यात चमचा घातला तर लांबलचक तार आली, वासही आंबूस कुबट. भांड्याच्या झाकणावर हिरवा ठिपका. पाहुण्यांच्या घरी मोत्याची माळ मिरवावी तसा तो ठिपका चमकत होता.

"मूर्तिजापूरचं इरजन आहे व माय, माह्या लग्नात आणलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "कधी मोडू नाही दिलं. रोज चमचाभर ठेवाचं अन् वरतून दूध ओताचं. उन्हानं नासलं आता. अन् पराग म्हणे, टिकली हिरवी आहे, खा. त्याच्या टिकलीले नाक नाही, सांग त्याले."

पराग दारातून म्हणाला, "आई, ती टिकली दह्यासाठी नाहीच आहे. गंमत म्हणून लावली मी."

"मंग गंमत म्हून तूच खा."

तो हसला, बॅग उचलली आणि गेला. जाता जाता मला म्हणाला, "आज मी तुझ्या भांडारातली सगळ्यात जुनी हिरवी बाटली घेणार आहे. ईथरची. समितीसमोर सरकीतलं तेल काढून दाखवतो, आणि ईथर कोरडं होईस्तोवर आटवतो. कुठली चाचणी नाही, काही नाही. हिरवी म्हणजे हिरवी."

मी मान हलवली. तो गेल्यावर दही मोरीत ओतायला घेतलं आणि हात तसाच राहिला.

रोज चमचाभर जुनं तळाला, वरून नवं दूध. टिकलीला वाटतं, भांडं भरलं, म्हणजे नवी वस्तू आली. ती पुन्हा पहिला वास पाठ करते. पण त्या पहिल्या वासात काल नासलेला चमचाभर आधीच मिसळलेला असतो! टिकली त्यालाच चांगलं समजते. म्हणजे कुठल्याही भांड्यात जुन्यावर नवं ओतत राहिलं, की टिकली रोज बाळंतीण होते आणि रोज तिला गोरं मूल दिसतं.

आणि आमच्या भांडारात ईथर कसं भरतात?

ईथर हे मोठं दगाबाज. ते पस्तीस अंशाच्या आतच उकळतं, आणि आमच्याकडे सावलीतला पारा त्याच्या कितीतरी वर, म्हणून ते शीतकपाटात ठेवतात. पण थंडीने त्याचा खरा रोग बरा होत नाही. झाकण उघडलं की ते हवेतला ऑक्सिजन हळूहळू घेत राहतं आणि त्यातून पेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात. ती उडून जात नाहीत, तळाशी राहतात; टिकलीला वास येतो तो त्यांच्या जोडीने होणाऱ्या उडत्या संयुगांचा. थोडी तयार झाली की पुढची आणखी लवकर होतात. ईथर आटवलं की ईथर उडतं आणि भांड्यात तीच उरतात. मग थोडी उष्णता, थोडा धक्का पुरतो. झाकणाच्या आट्यांत खडे धरले असतील तर झाकण फिरवणंही पुरतं. बाटली म्हणजे मग बॉम्ब. वर्तमानपत्रात अशा बातम्या आम्ही शिकत असताना येत, हात गेल्याच्या, डोळे गेल्याच्या.

मी परागला फोन लावला. तो समितीला आणायला स्टेशनवर होता, उचलला नाही. मी पायात मिळेल ती चप्पल घालून निघाले. रिक्षात बसल्यावर कळलं की एक माझी आहे आणि एक सासूबाईंची.

भांडारात तायडेभाऊ फळ्या पुसत होते. वीस-बावीस वर्षं भांडार सांभाळणारा माणूस, कामात चोख, फक्त पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. त्या दिवशी त्यांनी शीतकपाटाला झेंडूचा हारसुद्धा घातला होता.

"भाऊ, ईथरची बाटली संपली की तुम्ही काय करता?"

"संपू देतच नाही ना मॅडम." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "बाटली पूरी रिकामी झाली, वाफ नाही भेटली, तं टिकली मरते. नवी मांगतली तं कधी येईन काही भरोसा नाही. म्हून तळाशी दोन बोटं ठेवाचं अन् मोठ्या डब्यातून वरतून ओताचं. सरनंच तं सांगतलं होतं सगळ्या कॉलेजाइले. टिकल्या वाया नका घालू म्हणे."

मला ते आठवलं. पराग कापड दुकानाच्या गल्लीत वाढलेला माणूस, सुतळीचा तुकडाही फेकत नाही. टिकल्यांचा तुटवडा झाला तेव्हा त्यानेच सगळ्या कॉलेजांना सूचना पाठवली होती, बाटली तीच ठेवा, भरून घ्या. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, मला वाटलं नाही, कोणालाच वाटलं नाही. आमच्यात विरजण मोडणं हाच अपशकुन, भरून घेणं हा नाही.

"सगळ्यात जुनी बाटली कुठे आहे?"

"सरचा माणूस घेऊन गेला की. मोठ्या लॅबमंधी." मग ते जरा चाचरले. "मॅडम, त्या बाटलीचं तुमी काही टेन्शन घेऊ नका. ते मी..."

मी पुढचं ऐकायला थांबलेच नाही. माझा हा दुर्गुण आहे, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माझे पाय निघालेले असतात.

मोठ्या प्रयोगशाळेत समिती बसली होती. अध्यक्ष डॉ. चौबळ, मूळच्या पुण्याच्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. टेबलावर काचेची उपकरणं, सरकीची भुकटी, आणि मधोमध ती तपकिरी बाटली. तिचा ठिपका हिरवा. पराग बाटलीशेजारी उभा राहून बोलत होता. छान बोलतो तो, बोलताना त्याचे कान लाल होतात.

मी त्याला खुणेने मागच्या कोपऱ्यात बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. दह्याचं, दोन बोटांचं, पाठ केलेल्या वासाचं.

बुद्धीने हुशार आहे तो, त्याला लगेच कळलं. ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि लगेच त्याने ते मागे ढकललेलंही दिसलं.

"आत्ता?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "प्रणिता, आत्ता सुचून राहिलं तुला हे?"

"आत्ताच कळलं."

"पुरावा काय आहे तुझ्याजवळ?"

"दही."

"दही! मी त्या बाईंना सांगू, की माझ्या आईचं दही नासलं म्हणून देशाचा निर्णय थांबवा? ठीक आहे, बाटली उघडतो, चाचणी करतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"उघडायचीच नाही. झाकणात खडे असतील तर उघडतानाच फुटेल."

"म्हणजे उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडायची नाही!"

"हो."

"असा कसा पुरावा गं तुझा?"

त्याचं बरोबर होतं. बाहेरून ती बाटली अगदी साधी दिसत होती. तपकिरी काचेतून आतलं काही दिसत नाही. मशीन म्हणत होतं, चांगली आहे. मी म्हणत होते, नाही. मशीनकडे पाच वर्षांची आकडेवारी होती आणि माझ्याकडे सासूबाई होत्या.

"गावंडे, काही अडचण आहे का?" चौबळ मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," पराग म्हणाला आणि टेबलाकडे गेला.

मग मी एक गोष्ट केली. प्रयोगशाळेच्या सुरक्षेची प्रमुख मी आहे, भिंतीवरचं लाल बटण दाबायचा अधिकार माझा आहे. मी ते दाबलं. भोंगा वाजला. मी ओरडले, "सगळे बाहेर, लगेच, खुर्च्या तशाच राहू द्या." चौबळ मॅडम सगळ्यात आधी उठल्या, एक प्रश्न न विचारता. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेली माणसं अशीच असतात. बाकीचे त्यांच्यामागे. क्षणात खोली रिकामी झाली आणि आम्ही दोघं उरलो.

पराग बाटलीपाशी उभा होता. त्याचा चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता असा झाला होता. त्याने डाव्या हाताने बाटली धरली आणि उजवा हात झाकणावर ठेवला.

"तू बाहेर जा," तो म्हणाला. "मी उघडतो. काही होत नाही. मग तू सगळ्यांची माफी माग."

पळावं असं वाटलं, हे मी लपवत नाही. पण मी टेबलाच्या पलीकडे जाऊन त्याच्या समोर उभी राहिले.

"फिरव," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

"बाहेर जा, प्रणिता."

"तुला खात्री आहे ना? मग मला बाहेर कशाला पाठवतोस?"

भोंगा वाजतच होता. त्याचा हात झाकणावर होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती, कपाळावरचा घाम भुवयांत उतरत होता. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या हाताकडे. मग त्याने एकेक बोट सोडवत हात उचलला, बाटलीला धक्का लागणार नाही असा.

"चल," तो म्हणाला.

बाहेर आवारात सगळे कडुनिंबाखाली उभे होते. बॉम्बशोधक पथकाला फोन गेला. त्यांना यायला आणि काम करायला दुपार होणार होती. मी परागला बाजूला घेतलं.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

"अजून?"

"आज विभागातल्या सगळ्या कॉलेजांत प्रात्यक्षिक परीक्षा आहेत. दुपारच्या सत्रात तेल काढायचा प्रयोग आहे, ईथर आटवायचा. सगळ्यांनी तुझ्या सूचनेप्रमाणे बाटल्या भरल्या असणार."

तो खाली बसला, तिथेच, मातीत. नव्या पॅंटचा विचार न करता.

एकेका कॉलेजाला फोन करत बसलो तर वेळेत निम्म्यांपर्यंतही पोचलो नसतो. पण त्याच्याकडे एक सोय होती, कोणाला फारशी माहीत नसलेली. सर्व्हरवरून सगळ्या टिकल्या एकदम लाल करायची. आग, पूर, असल्या संकटांसाठी ठेवलेली. ती वापरली की कॉलेजांच्या बाटल्याच नाही, घरोघरच्या बरण्या, दवाखान्यातली औषधं, सगळं एका क्षणात लाल होणार. आणि तेही समिती आवारात उभी असताना.

"पथकाचं होऊ दे," तो म्हणाला. "खरंच पेरॉक्साइड निघालं तर दाबतो."

"तोवर परीक्षा होऊन जाईल."

"आणि नाही निघालं तर?"

मी त्याच्याजवळ मातीत बसले. कितीतरी वेळ तो फोन हातात धरून होता. मग त्याने अंगठा टेकवला, एकदा, आणि फोनने ‘नक्की का?’ विचारलं तसा पुन्हा एकदा.

माझ्या पर्समधल्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवरचा ठिपका लाल झाला. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या एका साहेबांच्या पाण्याच्या बाटलीवरचा झाला. मग सगळ्यांचे फोन वाजायला लागले, आणि त्यात परागचा सगळ्यात जास्त.

दुपारी पथक आलं. त्यांच्या रोबोने ती बाटली मैदानाच्या टोकाला नेली. वाळूच्या पोत्यांआड ठेवून लोखंडी हाताने झाकण धरलं. आम्ही लांब इमारतीच्या कोपऱ्यामागे. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी, आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी फुटावं म्हणून देवाची प्रार्थना करत होते.

झाकण फिरलं. निघालं. रोबोने बाटली आडवी केली, ईथर वाळूत सांडलं आणि उडून गेलं. काही झालं नाही. पथकाच्या माणसाने तळाचं उरलेलं थेंबभर तपासलं आणि लांबूनच हात हलवला. काही नाही, साफ आहे. साफ!

कोणी हसलं नाही, तेच जास्त वाईट होतं. तेवढ्यात तायडेभाऊ माझ्याजवळ आले.

"मॅडम, सकाळी तेच तं सांगून राहिलो होतो तुमाले. पाहुणे येऊन राहिले म्हून काल मी थे बाटली धुतली. लय मळकट दिसे. झाकण तेवढा वेळ दुसऱ्या ईथरच्या बाटलीवर बसवलं, टिकली मरू नये म्हून. मंग ताजं ईथर भरलं."

म्हणजे संपूर्ण विभागात एक बाटली चांगली असण्याची खात्री होती, आणि मी नेमकी तीच फोडायला निघाले होते. मला हसू की रडू कळेना. परागने ते सगळं ऐकलं. तो भिंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. चौबळ मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुमचा तर्क चुकीचा नाही. पण आज माझ्यासमोर तर्क आहे आणि एक साफ बाटली आहे. मला त्यावर अहवाल लिहावा लागेल." एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

तोवर बातमी सगळीकडे गेली होती, पण भलतीच. टिकलीचा सर्व्हर बिघडला, सगळं लाल दाखवतोय, दुर्लक्ष करा. लोकांचे विनोद सुरू झाले. कोणी लाल ठिपका लावलेल्या सासऱ्याचा फोटो पाठवला. पाच वर्षं हिरव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे लोक लालवर मात्र एक क्षणही विश्वास ठेवायला तयार नव्हते. हे आम्हा दोघांनाही आधी सुचलं नव्हतं.

मी परागजवळ गेले. "माझं चुकलं असेल," मी म्हणाले.

"तू जा घरी," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, म्हणून मला ते जास्त लागलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने आधीचे पन्नास उचलले नव्हते, हा का उचलला कोण जाणे. स्पीकर चालू झाला.

"टिकलीवाले गावंडे सर का? मी वाशीमकडच्या एका कॉलेजातून बोलते, किरण राऊत." तरुण मुलीचा आवाज, चिडलेला. "सर, हे काय चालवलं तुम्ही? माझ्या वर्गाच्या परीक्षेच्या तोंडावर एकाएकी सगळ्या बाटल्या लाल. पोरं हसून राहिली. सगळे म्हणतात सर्व्हर बिघडला. मी प्रयोग सुरू केला, तरी म्हटलं एकदा बघून घ्यावं. आमच्या जुन्या सरांच्या कपाटात कागदी पट्ट्यांची डबी सापडली. वर लिहिलंय, ईथरमध्ये बुडवा."

परागची मान वर झाली.

"बुडवली का?"

"हो. ती तपकिरी झाली. कशाची खूण असते ती? पण पट्टीचीच तारीख कधीची गेलेली आहे सर, पट्टीच खराब असेल ना? ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, हे लाल कधी जाणार? पोरांचं ईथर आटत आलंय, मार्क मांडायचे आहेत मला."

पेरॉक्साइड असलं की ती पट्टी तपकिरी होते. पट्टी जुनी झाली तर ती रंगायची थांबते, उगाच इतकी तपकिरी होत नाही. ते त्या पोरीला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायची गरज संपली असं आम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"ताई," पराग म्हणाला. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "माझं ऐका. भांड्यांना हात लावू नका. कोणालाच लावू देऊ नका. खालची शेगडी भिंतीवरच्या मुख्य बटणाने बंद करा. केली?"

"केली. पण सर..."

"आता पोरांना म्हणा, आहे तसं सोडून बाहेर या. पळू नका म्हणा. वह्या राहू द्या."

फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी विचारलं, मॅडम, पेपर रद्द का? कोणीतरी टाळी वाजवली. मग चपलांचा आवाज, खूप पाय, जिन्यावरून. पराग फोन दोन्ही हातांनी धरून उभा होता. मी त्याचं मनगट धरलं. त्याने सोडवून घेतलं नाही.

"आम्ही आलो मैदानात," किरण म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "सर, काय होतं ते?"

"मागे कोणी राहिलं नाही ना? एकदा नीट बघा, ताई. एकेकाचं तोंड बघा."

"नाही. सगळे आहेत."

"तुमच्या प्राचार्यांना सांगा, खोली बंद ठेवा. इथलं बॉम्बशोधक पथक निघतंय."

त्याने फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकलं. मी रडत होते, मला वाटतं तोही. पण तिथे थांबायला वेळ नव्हता. अजून कितीतरी ठिकाणी तोच प्रयोग चालू होता, तीच दोन बोटं तळाला ठेवलेल्या बाटल्या होत्या, आणि आमच्या लाल ठिपक्यावर सगळे हसत होते.

"कॉलेजांचे नंबर आहेत तुझ्याजवळ?" त्याने विचारलं.

"विभागातल्या सगळ्यांचे."

"सांग. मी लावतो, तुझ्या फोनवरून तूही लाव."

मी पहिला नंबर सांगितला. पलीकडच्याने उचलला आणि मोठ्याने हसून म्हणाला, "वा, खुद्द गावंडे सर! तुमची टिकली बिघडली म्हणे?"

"टिकली नाही," पराग म्हणाला. "मी चुकलो. आधी वर्ग रिकामा करा, मग सगळं सांगतो."